सोमवारच्या उपासासाठी दोन किलो चेस्टनट

एका मंगळवारी सकाळी डबा भरत असताना गावाहून शेजारच्या मीराकाकूंचा फोन आला. "घाबरू नको," अशी त्यांनी सुरुवात केली, म्हणजे मी घाबरलेच. "तुझी अक्का काल कापसाच्या ओळीत बसून गेली. चक्कर आली म्हणे. पाणी पाजलं, सावलीत नेलं, तर दहा मिनिटांत परत वेचायला उभी. तू काहीतरी सांग तिला. आमचं ऐकत नाही."

अक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची मोठी बहीण. आईवडील कामासाठी सुरतला, म्हणून मी पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावी अक्काकडेच वाढले. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. बी.एस्सी.ला अमळनेरला प्रवेश मिळाला त्या दिवशी अक्काने महादेवाला सांगितलं, की पोरीला पक्की नोकरी लागेपर्यंत मी सोमवार धरीन. शिवाय आवडीची एक वस्तू सोडायची असते, म्हणून तिने रताळं सोडलं. तिला रताळ्याइतकं दुसरं काहीच आवडत नाही.

आता मी नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या तपासणी विभागात आहे. नोकरी आहे, पण कंत्राटी. त्यामुळे अक्काच्या हिशेबाने ती अजून लागलेली नाही आणि सोमवार चालूच आहे. साबुदाणा आणि शेंगदाण्याने तिला पित्त होतं. भगर तिच्या मते तांदूळच. राजगिरा आणून दिला तर म्हणाली, "उपास शे, पंगत नही." एक केळं आणि दोनदा चहा, एवढ्यावर ती दिवसभर कापूस वेचते. उपास सोड म्हणायचा मला हक्क नाही, कारण तो माझ्यासाठीच आहे. हे मला रोज टोचतं.

त्याच आठवड्यात माझ्या खोलीतली दीपा दिवाळीची सुट्टी संपवून परत आली. ती नैनिताल जिल्ह्यातली. सोबत चार किलो चेस्टनट. त्यांच्याकडे याला मीठा पांगर म्हणतात. झाडावर काटेरी गोळा लागतो, तो पिकला की आपोआप पडतो आणि आत दोन-तीन चकचकीत तपकिरी फळं निघतात. शनिवारी संध्याकाळी तिने तव्यावर थोडी भाजली. सोललेलं पहिलं फळ मी तोंडात टाकलं. मऊ, पिठूळ, गोडसर. पोट भरतं, तेल नाही, तिखट नाही, पित्ताचं कारण नाही. अर्ध्या मिनिटात मी दीपाकडे दोन किलो मागितले आणि सोमवारची रजा टाकली.

पण त्या अर्ध्या मिनिटात आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. ती मी दीपालाही सांगितली नाही. चेस्टनटची चव अगदी भाजलेल्या रताळ्यासारखी होती.

आधी खोलीतली परीक्षा

कोणाला घरी करून बघायचं असेल तर आमच्या चुकांवरून शिका. दीपा फोनवर बोलायला गॅलरीत गेली आणि मी उत्साहाने दहा-बारा फळं तशीच तव्यावर टाकली. सातव्या मिनिटाला एक फळ फटाक्यासारखं फुटलं आणि त्याचा भुगा छताच्या पंख्यापर्यंत गेला. खालच्या मजल्यावरचे काका विचारायला वर आले. साल जाड असते, आतली वाफ अडकते. म्हणून प्रत्येक फळाच्या फुगीर बाजूला सुरीने फुलीसारखी चीर द्यायचीच. चीर दिल्यावर अर्धा तास पाण्यात भिजवायची, मग जाड लोखंडी तव्यावर मंद आचेवर, झाकण ठेवून, अधूनमधून हलवत वीस-पंचवीस मिनिटं. चीर उलगडून आतला पिवळा गर दिसायला लागला की ओल्या फडक्यात दहा मिनिटं गुंडाळून ठेवायची आणि गरम असतानाच सोलायची. गार झाल्यावर आतली बारीक साल सोडत नाही, नखं दुखतात.

आणखी एक. त्यांच्याकडे कडू पांगरही असतो, दिसायला बराचसा असाच, पण खायचा नाही, बाधतो. कडवा गोल गुळगुळीत असतो, गोडाला वर टोक असतं आणि त्यावर बारीक केसांचा झुपका. दीपा म्हणाली, "अरे, अपने घर के पेड़ का है." तरी मी दोन किलोमधलं प्रत्येक फळ टोक बघूनच पिशवीत ठेवलं. तोवर दीपा झोपून गेली होती.

रविवार: नरडाणा ते अमळनेर

नरडाण्याहून अमळनेरला पॅसेंजरने जावं. तिकीट चहा-नाश्त्यापेक्षा स्वस्त पडतं आणि रविवारी सकाळी खिडकीही मिळते. गाडीची वेळ आदल्या दिवशी बघून घ्या, बदलते. बेटावदच्या पुढे दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मधे मधे तुरीची पिवळी फुलं, आणि कुठेतरी मक्याची कणसं रस्त्यावरच वाळत घातलेली. उन्हाळ्यात याच रस्त्याने जाणाऱ्यांना हा भाग रखरखीत वाटतो. यायचं असेल तर दिवाळीनंतर या. सकाळी अंगावर ओढणी घ्यावी लागते आणि दुपारी ऊन सोसवतं.

अमळनेरला उतरायचं कारण भट्टी. कॉलेजच्या तीन वर्षांत माझी संध्याकाळची भूक नानांच्या फुटाण्यांवर भागली. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांची भट्टी आहे. मातीचा मोठा चुला, त्यावर पसरट लोखंडी कढई आणि कढईत काळी पडलेली गरम वाळू. त्या वाळूत हरभरा टाकायचा, झाऱ्याने दोन-चार वेळा उलटायचा, चाळणीत ओढायचा. वाळू खाली, फुटाणे वर. माझा विचार असा की तव्यावर काही फळं कच्ची राहतात, वाळूत सगळीकडून सारखी आच लागेल. एक किलो इथे भाजून न्यायची आणि एक किलो कच्ची ठेवायची, पुढच्या सोमवारांसाठी.

नानांनी एक फळ बोटांत धरून उन्हाकडे केलं. "चिंचोके एवढे मोठे? कोणत्या गावची चिंच, पोरी? काय खाऊ घालता तिला?"

"चिंचोके नाहीत नाना, चेस्टनट. डोंगरातलं फळ आहे."

"फुटतं का?"

"चीर दिली आहे."

"मग लांब उभी राहा. चीर दिलेली माणसंसुद्धा फुटतात."

वाळूत पडल्यावर दोन मिनिटांतच वास सुटला. गल्लीतले तिघे-चौघे येऊन उभे राहिले. एका फळाला माझ्याकडून चीर द्यायची राहिली असावी, कारण ते उडून शेजारच्या पत्र्यावर आपटलं आणि पत्र्याखाली झोपलेलं कुत्रं पळालं. नाना इतके हसले की त्यांना झारा खाली ठेवावा लागला. शेंगा भाजून द्यायचे घेतात तेवढेच वीस रुपये त्यांनी घेतले, पाच फळं ठेवून घेतली आणि एक खाऊन म्हणाले, "चांगलं आहे. पण विकलं जाणार नाही. सोलायला लागतं, आणि आपल्या माणसाला चालता चालता खायचं असतं."

मी विचारलं, "नाना, उपासाला चालेल का हे?"

"झाडाचं फळ आहे ना? मग न चालायला काय झालं?" त्यांनी पुढचा हरभरा कढईत ओतला.

मला किती बरं वाटलं! कागदी पिशवी छातीशी धरून मी स्टेशनवर आले.

अमळनेर ते जळगाव, आणि माझी चूक

गाडीत समोर एक बाई होत्या, धरणगावला उतरणाऱ्या. मी त्यांना एक गरम फळ देऊ केलं. त्यांनी नाकाशी नेलं आणि परत दिलं. "नको बाई, माझा रविवार आहे. फुटाणे नाही चालत."

"हे फुटाणे नाहीत, मावशी. फळ आहे."

"असेल. पण वास फुटाण्याचा येतोय."

मी पिशवीत नाक घातलं. खरंच येत होता. का येणार नाही? ज्या वाळूत ती भाजली, त्या वाळूत वर्षानुवर्षं हरभराच भाजला जातो. उपासाला धान्य-कडधान्य चालत नाही म्हणून मी हे सगळं करत होते, आणि स्वतःच्या हाताने, पैसे देऊन, ते हरभऱ्याच्या वाळूत घालून आणलं होतं. प्रयोगशाळेत एका नमुन्याचा चमचा दुसऱ्याला लागला तर मी नोंद करते. इथे अख्खा किलो नासवला आणि वर नानांना शहाण्यासारखं विचारलं, उपासाला चालेल का.

अक्काला कळलं नसतं. हा विचार मनात आला, हे मी लपवत नाही. अक्काला गुडघ्यामुळे आता अमळनेरपर्यंत येणं होत नाही, नानांची भट्टी तिने पाहिलेली नाही. मी फक्त 'भाजून आणलेत' म्हटलं की झालं असतं. आमच्या घरात मी सांगितलेलं कोणी तपासत नाही. बारा वर्षांची असताना मी स्टेशनवरच्या फळ्यावर १७:०० वाचलं आणि अक्काला सांगितलं की गाडी सातला आहे. गाडी पाचलाच गेली होती. तिच्या सख्ख्या मावसबहिणीची हळद चुकली, पण अक्का फलाटावर बसून मला म्हणाली की फळाच चुकीचा लिहिला असेल. त्या दिवसापासून खात्री नसलेली गोष्ट सांगण्याआधी मी चार जणांना विचारते.

धरणगावला त्या मावशी उतरल्या. जाताना म्हणाल्या, "एवढं तोंड नको पाडू. घरच्यांना खाऊ घाल. उपास माझा आहे, त्यांचा नाही."

जळगावला पुढच्या गाडीला दीड तास होता. सामान असेल तर स्टेशनच्या आसपासच थांबा. भूक लागली तर कचोरी मिळते, आणि केळी घ्याल तर फणीतली सुटी मागा, स्वस्त पडतात. मी उपासाचं सामान विकणाऱ्या एका दुकानात सैंधव घ्यायला गेले, कारण साधं मीठ अक्का सोमवारी घेत नाही. दुकानदारांना कच्चं फळ दाखवून तोच प्रश्न विचारला.

"उपास कोणत्या देवाचा?"

"महादेवाचा. सोमवार."

"मग चालेल. भोळा देव आहे. एकादशी असती तर नाही म्हटलं असतं."

"असं का?"

"ताई, मी दुकानदार आहे. जे मी विकतो ते चालतं, जे विकत नाही त्याचं मला काय माहीत?" ते हसले आणि सैंधवाची पुडी पुढे केली. हातातली पिशवी जड झाल्यासारखं मला वाटलं. असं ज्याला त्याला विचारून मी काय मिळवत होते? नाना हो म्हणाले, दुकानदार हो म्हणाले आणि माझी खात्री कमी होत होती. आणि जो प्रश्न खरा होता, रताळ्याचा, तो मी कोणालाच विचारला नव्हता.

पाचोरा आणि पुढे

जळगावहून पाचोरा मुंबईच्या दिशेने, गाडीने साधारण पाऊण-एक तास. म्हसावदच्या पुढे गिरणेचा पूल लागतो, या दिवसांत पाणी असतं, बघून घ्या. पाचोऱ्याला स्टेशनबाहेरूनच आमच्या बाजूच्या शेअर रिक्षा मिळतात. भरल्याशिवाय सुटत नाहीत, आणि भरली म्हणजे काय याची व्याख्या रिक्षावाल्याची असते. मांडीवर कोणाचं तरी बियाणं आणि पायाशी कोंबडी घेऊन मी चारच्या सुमारास गावात पोचले.

अक्का अंगणात कापूस निवडत होती. मला बघून तिने हात झटकले. "कव्हय निंघनी व्हती? खाल्लं का काही? किती वाळी गयी!"

वाळली ती होती. गालाची हाडं वर आली होती. मी तिच्याकडे नीट बघू शकले नाही. पिशव्या खाली ठेवल्या आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, कारण बसले असते तर सांगितलं नसतं. "अक्का, तुझ्या सोमवारसाठी एक फळ आणलंय. पण त्यातलं अर्धं मी भट्टीवर भाजून आणलं आणि ती वाळू हरभऱ्याची होती. ते तुला चालणार नाही. अर्धं कच्चं आहे."

अक्का मला वरपासून खालपर्यंत बघत राहिली. "हाई सांगाले तू रजा टाकी?"

"हो. म्हणजे, नाही."

"येडी शे का तू?" ती हसायला लागली. "आज रविवार शे. आज कोन्हा उपास शे? बठ्ठ्या बायास्ले बलाव."

मग जे झालं ते मी ठरवून करू शकले नसते. हाका मारल्यावर शेतातून परतलेल्या सात-आठ जणी अंगणात बसल्या आणि हरभऱ्याच्या वाळूतला माझा किलो, तव्यावर पुन्हा गरम करून सोलत, संपायला लागला. मीराकाकूंनी सोललेले तुकडे तव्यावर तेल, लसूण आणि लाल तिखटावर परतले. मला भीती होती की गोड फळाला लसूण कसा लागेल, पण तेच सगळ्यांत आधी संपलं. कोणी लिंबू-मीठ लावून खाल्लं. एकीने गर ठेचून त्यात गूळ घातला आणि सकाळच्या बाजरीच्या भाकरीत गुंडाळला. माझं मत विचाराल तर पाहुण्यांना द्यायला तिखट-लसणाचा प्रकार करा, लहान मुलांना गुळाचा.

अक्का मात्र खात नव्हती. "उद्या खासू. पहिले महादेवले ठेवसू. नवं फळ शे."

"पण चालेल का, ते?" मीराकाकूंनी विचारलं. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. "तू शिकेल शे, तूच सांग."

नाना, रविवारवाल्या मावशी, दुकानदार, सगळे डोळ्यांपुढून गेले. "मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी वाटेत विचारत आले, पण मला खरंच माहीत नाही."

अंगणात कोणी दचकलं नाही. अक्काने एक कच्चं फळ उचललं, टोकावरचा झुपका ओढून बघितला आणि एकच प्रश्न विचारला. "बैल लागस का याले?"

ऋषिपंचमीला आमच्याकडच्या बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरलेल्या जमिनीतलं नको, आपोआप उगवलेलं चालतं. अक्काने तीच कसोटी इथे लावली होती. माझ्या एकाही प्रश्नात ती नव्हती. मी दीपाला फोन लावून स्पीकर चालू केला आणि हिंदीत विचारलं, की चेस्टनटच्या झाडाखाली नांगर फिरवतात का?

"हल?" दीपा हसायलाच लागली. "हमारे यहाँ बैल उस ढलान पर चढ़ेगा तो सीधा नदी में मिलेगा. अपने आप गिरता है, हम जूते पहनके उठाते हैं."

अंगणात सगळ्यांना तेवढी हिंदी कळली. मला मात्र चैन पडेना. "और पेड़ लगाते समय? गड्ढा किसने खोदा था?"

"दादाजी ने. कुदाल से. क्यों?"

अक्काने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "आते तिन्हा आजाना कुदळनी चौकशी करशी का?" आणि फोनमध्ये मोठ्याने, "बेटी, खाना खाया?"

सोमवार

सकाळी अक्काने उपासाची वेगळी ठेवलेली कढई काढली. मी पंचवीस फळांना चिरा दिल्या, दोनदा मोजून. चुलीवर आच कमी-जास्त होते, म्हणून लाकडं बाहेर ओढून नुसत्या निखाऱ्यांवर ठेवली. अर्ध्या तासात झाली. अक्का तीन फळं घेऊन देवळात जाऊन आली. मी सोलून ताटलीत ठेवली. थोडी नुसती, थोडी तूप-जिऱ्यावर परतून सैंधव लावलेली, आणि चार ठेचून गरम दुधात साखर घालून. तीन प्रकार अशासाठी की एक नाही आवडला तर दुसरा.

ती पाटावर बसली. बाहेर कापसाला जाणाऱ्या बायकांची हाक येत होती. तिने एक फळ उचललं आणि मला वाटलं, आता नाही सांगितलं तर मी कधीच सांगणार नाही.

"अक्का, थांब. हे रताळ्यासारखं लागतं."

तिचा हात थांबला.

"मी शनिवारीच खाल्लं तेव्हा मला कळलं. तुला सांगितलं नाही. तू रताळं माझ्यासाठी सोडलं आहेस. हे खाल्लं तर ते मोडल्यासारखं होईल का, मला माहीत नाही. नको वाटलं तर नको खाऊ. मी केळी आणलीत जळगावहून."

चुलीत एक निखारा तडकला. अक्का त्या फळाकडे बघत होती. बाहेरून मीराकाकूंनी विचारलं, "येतेस ना?" मी मनात ताटली उचलून मागे नेली, केळी सोलली, ती अर्धपोटी ओळीत उभी राहिली, हे सगळं होऊन गेलं. तिला पोटभर जेवू घालायला मी इतक्या लांबून आले होते आणि माझ्याच तोंडाने तिचं ताट बंद केलं होतं.

अक्काने फळ तोंडात टाकलं.

डोळे मिटून, हळू, बराच वेळ चावलं. गिळलं. मग दुसरं उचललं, तेही तसंच. मी तिच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का बघत होते.

"नही," ती म्हणाली. "हाई रताळं नही."

"पण चव..."

"तुले काय माहीत? तू रोज खास. चार वरीस व्हयनात, माले बराबर याद शे रताळं कसं लागस. रताळाले मातीना वास ऱ्हास. गयामा अटकस. याले नही." तिने दुधाची वाटी ओढली. "हाई दुसरं शे. चांगलं शे."

मी शनिवारी एकच फळ खाल्लं होतं आणि रताळं म्हणून शिक्का मारला होता. मी पुन्हा एक तोंडात घातलं, तिच्यासारखं हळू चावलं. खरंच मातीचा वास नव्हता. सुक्या लाकडासारखा, थोडा लोण्यासारखा काहीतरी वास होता. रताळं घशात बसतं, पाणी मागावंसं वाटतं. हे तसं नव्हतं. मला हे सांगायला चार वर्षं रताळं न खाल्लेलं माणूस लागलं.

ती माझ्या समाधानासाठी तसं म्हणाली का? हा प्रश्न माझ्या मनात आला, येणारच. पण अक्का देवाच्या बाबतीत कोणाचं मन राखत नाही. उपास मोडत असता तर मी आणलं म्हणूनही तिने खाल्लं नसतं. तिने सोळा फळं खाल्ली. मी मोजत नव्हते असं म्हणणार नाही. मग हात धुतले, कापसाची झोळी कमरेला बांधली आणि दारातून ओरडली, "मीरा, चाल!"

उरलेली कच्ची फळं मीराकाकूंच्या फ्रीजमध्ये ठेवली. ही बाहेर लवकर वाळतात, किंवा बुरशी धरतात. कापडी पिशवीत फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतात. भाडं म्हणून काकूंनी दर सोमवारी चार फळं ठरवून घेतली, लसूण घालून.

परत नरडाण्याला

दुपारी निघून त्याच रस्त्याने रात्रीच्या जेवणापर्यंत खोलीवर पोचले. जळगावला गाडी बदलताना अक्काचा फोन आला. चक्कर आली नाही, आणि ओळीतल्या दोघींच्या पुढे निघून गेली, हे तिने दोनदा सांगितलं. दीपाने दार उघडताच विचारलं, "बैल का क्या हुआ?" मग मी सगळं सांगितलं, रताळ्याचंही.

जाऊन-येऊन तिकिटं, रिक्षा, भट्टी आणि सैंधव मिळून मला तीनशेच्या आत खर्च आला. तुम्हाला असा प्रवास करायचा असेल तर दोन दिवस पुरतात. चेस्टनट नसले तरी अमळनेरला उतरून गरम फुटाणे खा, गिरणेचा पूल बघा आणि ओळखीच्या कोणाच्या तरी अंगणात संध्याकाळी बसा.

माझी नोकरी अजून पक्की नाही. कायम करायच्या लोकांची यादी वर गेली आहे म्हणतात. पण परवाच्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत अक्काचा फोन शेतातून आला. मागे बायकांचा आवाज, कोणीतरी हसत होतं. फळं पुढच्या आठवड्यात संपतील, ती म्हणाली. पण ओळीतल्या एकीने उपासाला शिजवलेलं सुरण आणलंय, तूप लावून. अक्काने ते याआधी सोमवारी कधी खाल्लं नव्हतं. "पित्त व्हई का? चालस का?"

मी सवयीने मोबाइलवर शोधायला सुरुवात केली होती. दोन शब्द लिहिले आणि थांबले.

"तूच सांग, अक्का," मी म्हणाले.

पलीकडे डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "थांब, चाखीसन सांगस."

ती चाखेपर्यंत मी फोन कानाला धरून थांबले.